खोगीरभरती: लांबच्या बाइक प्रवासात बूड का पेटतं

कोल्हापूरहून बेंगळुरूला बाइकवरून जायचं ठरलं, तेव्हा मी पहिलं काम केलं ते सीट मऊ करून घेण्याचं. कुशनवाल्यानं जुन्या फोमवर आणखी दोन इंच पांढराशुभ्र फोम चढवला, वरून नवं रेग्झिन ताणून मारलं आणि म्हणाला, "बसून बघा दादा, सोफ्यावानी झालंय." दुकानासमोरच बसून बघितलं. खरंच सोफा. कागल गेलं, तवंदीचा घाट गेला, संकेश्वरपर्यंत मी हेल्मेटात गाणी म्हणत होतो. हत्तरगीच्या टोलनाक्यापाशी चुळबुळ सुरू झाली. बेळगाव येईपर्यंत बुडाखाली कुणी शेगडी सरकवल्यासारखं झालं, आणि धारवाडला टपरीपुढचं बाकडं रिकामं असताना मी उभ्यानं चहा प्यालो. बेंगळुरू अजून चारशेवर किलोमीटर होतं.

खोगिरात चिंध्याबिंध्या काय वाट्टेल ते कोंबतात, म्हणून निव्वळ भरताडाला आपण 'खोगीरभरती' म्हणतो. माझ्या सीटमध्ये शब्दशः तेच झालं होतं. मऊपणा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पैसे मोजून आणि बूड भाजून घेऊन कळलं. त्यानंतर हा विषय जरा मुळापासून समजून घेतला, तो इथं मांडतोय.

एक प्रयोग करा. कडक खुर्चीवर बसा आणि दोन्ही हातांचे पंजे बुडाखाली सरकवा. डावीकडे एक, उजवीकडे एक अशी दोन टणक हाडं बोटांना लागतील. ती कंबरेच्या हाडाची खालची टोकं. त्यांना आपण बसायची हाडं म्हणू. बसल्यावर धडाचा भार त्यांनीच घ्यायचा असतो आणि त्यांना तो पेलवतोही. त्यांच्या मधला भाग मात्र नाजूक, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. मागं माकडहाड. या दोन्हींवर भार गेला की तक्रार लगेच येते.

पण बसायची हाडं कितीही मजबूत असली तरी हाड आणि सीट यांच्यामध्ये कातडी आहे, चरबी आहे, मांस आहे, आणि त्यांना सतत रक्त लागतं. इथं थोडं गणित करूया. ७५ किलोचा माणूस घ्या. पायांचा भार फूटरेस्टवर, हातांचा थोडा हँडलवर गेला, तर सीटवर ६० किलो उरतात असं समजू. सीटला टेकणारा भाग साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे सव्वासहाशे चौरस सेंटीमीटर. त्यावर हे ६० किलो अगदी सारखे पसरले असं मानलं तरी दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ १०० ग्रॅम येतात. ब्लड प्रेशर आपण ज्या मापात मोजतो, १२०/८० वगैरे, त्या मापात हा दाब ७० च्या घरात जातो. आणि कातडीतल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांमधला, म्हणजे केशवाहिन्यांमधला दाब असतो ३० च्या आसपास.

म्हणजे सीट कुठलीही असो, एका जागी न हलता बसलात की खालच्या केशवाहिन्या चेपल्या जाणारच. हा हिशेब ढोबळ आहे. मांस आणि चरबी बराच वेळ तग धरतात, नाहीतर कुणाला खुर्चीत बसून पिक्चरच बघता आला नसता. पण रक्त नीट पोचलं नाही की ऑक्सिजन कमी पडतो, नको ते पदार्थ तिथंच साचतात, आणि मग ती ओळखीची जळजळ सुरू होते. त्यात प्रत्यक्षात भार सारखा पसरतही नाही. हाडांच्या टोकांखाली तो सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवतात, ते याच कारणासाठी. मणक्याला इजा होऊन जे चाकाच्या खुर्चीत बसतात, त्यांना तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढं वाकून किंवा बाजूला झुकून बुडावरचा भार काढायला मुद्दाम शिकवलेलं असतं. त्यांना वेदना जाणवत नाही, म्हणून घड्याळ लावून हलावं लागतं. आपल्याला जाणवते, पण आपण दात-ओठ खाऊन 'अजून वीस किलोमीटर' करत बसतो.

यावरून एक जुनं कोडं सुटलं. आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत गेलो तरी माझं बूड कधी कुरकुरत नाही. पुण्याच्या रस्त्याला मात्र कराड येईस्तोवर, सत्तरेक किलोमीटरमध्ये, ते बोलायला लागतं. रस्ता तर हायवेचा जास्त गुळगुळीत. पण घाटात वळणागणिक शरीर इकडून तिकडं होतं, ब्रेक मारताना पुढं, चढाला मागं, कधी डावं हाड तर कधी उजवं. हायवेला ऐंशीचा काटा धरला की माणूस पुतळा होतो, आणि पुतळ्याच्या बुडाला कुणी विचारत नाही.

घोडेस्वाराला ही अडचण नव्हती. त्याच्याकडे रिकीब होती. घोडा दुडकी चालीनं निघाला की स्वार रिकिबीत पाय देऊन बूड उचलून धरतो. मांड पक्की, पण भार मांड्यांवर आणि पावलांवर. आपली रिकीब म्हणजे फूटरेस्ट, आणि आपण तिचा उपयोग फक्त पाय ठेवायला करतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर दोन्ही फूटरेस्टवर जोर देऊन बूड बोटभर उचलायचं आणि दहा-पंधरा सेकंद तसंच धरायचं. पूर्ण उभं राहायची गरज नाही. ट्रॅफिकमध्ये, वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर तर मुळीच नाही. स्पीडब्रेकर किंवा पुलाचा सांधा आला की असंही उचलावंच, म्हणजे दणका मणक्याऐवजी गुडघे घेतात. अधेमधे इंचभर मागं सरकायचं, मग पुढं यायचं. मी दर दहा किलोमीटरच्या दगडाला हे करतो. दगड दिसला की रिकीब. तालमीत बैठका मारलेल्या गड्यांना हे सहज जमतं. आमच्यासारख्या खुर्चीतल्या कामवाल्यांच्या मांड्या पहिल्या दिवशी थरथरतात, तिसऱ्या प्रवासाला सरावतात.

आता सीटकडे येऊ. माझा तो सोफा का फसला? फोम म्हणजे हवेच्या लाखो बारीक कप्प्यांची जाळी. मऊ फोमवर भार आला की कप्पे सहज चेपतात. पाच मिनिटांत, दुकानासमोर, ते छान वाटतं. तासाभरानं हाडांखालचा फोम पार तळाला जातो आणि हाड जवळजवळ सीटच्या पत्र्यावर टेकतं. शिवाय आजूबाजूचा न चेपलेला फोम वर येऊन त्या नाजूक मधल्या भागाला दाबतो. आपल्याला वाटतं सीट कडक आहे, आणखी मऊ करायला हवी. आजार वाढवणारं औषध ते हेच.

चांगली सीट हाताला थोडी घट्टच लागते. खाली कडक थर, वर साधारण अर्धा-पाऊण इंच मऊ थर, ही रचना उपयोगी पडते. जाणते कुशनवाले खालच्या थराला रीबॉन्ड फोम वापरतात, म्हणजे फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून, चिकटवून केलेला. सांगताना 'मऊ करा' म्हणू नका. 'दाबला जाईल पण तळाला जाणार नाही असा फोम द्या' म्हणा. आणि दुकानात नुसतं टेकून समाधान मानू नका. रेग्झिन पक्कं ठोकायच्या आधी तसंच गुंडाळून बाहेर फेरी मारून या, निदान अर्धा तास. कुशनवाला वैतागेल. वैतागू दे.

फोमपेक्षाही महत्त्वाचे आहेत ते सीटचा उतार आणि रुंदी. बऱ्याच गाड्यांची सीट पुढं टाकीकडं उतरती असते. ब्रेक मारला की माणूस घसरून टाकीला चिकटतो, हातांनी रेटून मागं येतो, परत घसरतो. त्यात मनगटं आणि जांघ दोन्ही जातात. कित्येकदा फक्त पुढची बाजू थोडी भरून उतार मोडला, तरी निम्मं काम होतं. रुंदीचं तर घरीच मोजता येतं. पुठ्ठ्याच्या खोक्याचा, आत नालीदार थर असतो तो, तुकडा कापा, कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा आणि जरा पुढं झुकून पाय उचला. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर बहुतेकांचं १० ते १४ सेंटीमीटरच्या दरम्यान भरतं, बायकांचं सरासरीनं थोडं जास्त. हे दोन्ही बिंदू सीटच्या सपाट भागावर ऐसपैस बसले पाहिजेत, कडेच्या गोलाईवर नाही. सायकलवाले याच युक्तीनं सीट निवडतात. पण सीट पुढं फार रुंद केली तर मांड्या फाकतात आणि सिग्नलला पाय टेकायला पंचाईत होते, तेव्हा उंचीनं बेताच्या माणसानं जपून.

जेलच्या पॅडबद्दल सगळे विचारतात. जेल दाब बऱ्यापैकी पसरवतं, पण उष्णताही धरून ठेवतं. एप्रिलमध्ये रंकाळ्यावर तासभर गाडी उन्हात लावा आणि मग बसून बघा. हवेची गादी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छोट्या छोट्या फुग्यांची असते ती, माझ्या मते जास्त उपयोगी. हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकते आणि दाब आपोआप वाटला जातो. फक्त ती टम्म फुगवायची नसते, आणि इथंच बहुतेक जण चुकतात. बूड सीटपासून बोटभर अधांतरी राहील एवढीच हवा पुरे. जास्त भरली तर चेंडूवर बसल्यासारखं डगमगतं, आणि वळणावर ते बरं नव्हे.

आणि आपल्याकडचा खास उपाय: घोंगडी. परदेशात लांबचे बाइकवाले सीटवर मेंढीचं लोकरीचं कातडं टाकतात, कारण लोकर चेपली तरी तिच्यातून वारा खेळतो आणि ती घाम शोषून घेते. माझ्याकडे पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेली घोंगडी होती, ती चौघडी करून सीटवर बांधली. टोचते, हे खरं, पण जाड पँटमधून कळत नाही. उन्हात सीट तापत नाही, घाम साचत नाही. पावसात मात्र भिजून मणभर होते आणि दोन दिवस वाळत नाही.

घाम हा विषय लोक हसण्यावारी नेतात, पण कातडी सोलवटते ती दाबानं कमी आणि ओल-घर्षणानं जास्त. ओली कातडी नरम पडते, कापडाला चिकटते आणि दर हिसक्याला घासली जाते. सुती अंडरवेअर घाम पितं आणि धरून बसतं. त्यापेक्षा लांब पायाचं, लवकर वाळणारं, खेळाडू घालतात तसलं बरं. जीन्सच्या चार शिवणी नेमक्या जिथं एकत्र येतात तिथंच आपण बसतो, म्हणून दोनशेच्या वरच्या प्रवासाला मी जीन्स घालत नाही. सायकलिंगची पॅडवाली चड्डी काहींना मानवते, मला ती गोळा होऊन टोचली. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढा. एक बूड उंच, एक खाली, अशा तिरक्या बैठकीत पाच तास काढले तर कंबर वाकडी होते आणि बुडातून पायाकडे जाणारी मोठी नस दाबली जाते. बूड सीटमुळे दुखतंय म्हणणाऱ्या माझ्या एका मित्राचं दुखणं पाकिटासकट निघून गेलं.

बसायची ढब बदलली तरी भार बदलतो. पाठीचा कणा कमानीसारखा मागं टाकून ढेपाळून बसलं की कंबर मागं कलते आणि भार बसायच्या हाडांवरून माकडहाडाकडं सरकतो. क्रूझर गाड्यांमध्ये फूटरेस्ट पुढं असतात. बघायला राजेशाही, पण पाय पुढं असले की त्यांच्यावर जोर देऊन उचलताच येत नाही. सगळा भार बुडावर आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. पाय साधारण बुडाच्या खाली किंवा किंचित पुढं असणारी साधी सरळ बैठक लांबच्याला सगळ्यात बरी. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरायची, कंबरेतून जरा पुढं झुकायचं आणि कोपरं सैल ठेवायची. हँडलला लोंबकळलात तर खांदे भरून येतील. हँडलचे क्लॅम्प सैल करून ते जरासं आपल्याकडं फिरवलं, क्लच-ब्रेकचे लिव्हर मनगटाच्या रेषेत आणले, तर काही खर्च न होता फरक पडतो. हँडल उंच करायचे राइझर उद्यमनगरात लेथवर कुणीही करून देईल, पण केबल आणि ब्रेकचा होज दोन्हीकडं पूर्ण वळवून ताणत नाहीत ना, हे आधी बघा.

मुंग्यांची गोष्ट वेगळी. सिंगल सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ४५०० फेरे फिरत असेल तर पिस्टनचा हिसका सेकंदाला ७५ वेळा गाडीभर पसरतो, आणि तो बोटांना, पावलांना आणि बुडाला मुंग्या आणतो. जुन्या बुलेटवाल्यांना हे सांगायला नको. २०२१ मध्ये आलेल्या नव्या क्लासिक ३५० मध्ये हा हिसका मारायला बॅलन्सर शाफ्ट आहे, म्हणून नाव तेच असूनही ती हाताला वेगळी लागते. प्रत्येक गाडीचा एक वेग असा असतो की तिथं ती जास्त थरथरते. त्याच्या पाच किलोमीटर वर किंवा खाली चालवून बघा. ग्रिप आवळून धरू नका, आवळली की थरथर हातात जास्त उतरते.

खड्ड्यांचे दणके हे याच्या अगदी उलट, संथ आणि मोठे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना सगळ्यात जास्त हलतो, आणि वाईट रस्त्यावर गाडी साधारण तेच हेलकावे देते. ते अडवायचे टायरनं आणि शॉकअपनं. मागच्या शॉकअपला खाली नॉच असतात, एकट्याला मऊ, मागं माणूस आणि बॅगा असतील तर कडक. पाना गाडीच्या टूलकिटमध्ये असतो, आणि बहुतेकांनी गाडी विकेपर्यंत तो हातात घेतलेला नसतो. टायरची हवा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच, टपरीवाल्याच्या अंदाजानं नाही.

किती वेळानं थांबायचं? दुखायच्या आधी. माझा हिशेब तासाला पाच मिनिटं. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर, गाडी चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देते आणि त्या राईडचं नावच 'सॅडल सोर' आहे. खोगिरानं पडलेला व्रण, म्हणा ना. त्यांचं कौतुक आहे, पण आपल्याला पुण्याला लग्नाला जायचंय. कराडला एक, साताऱ्याला एक आणि पुढं खंबाटकी उतरल्यावर एक थांबा घेतला तर बूड कुरकुर करत नाही. आणि थांबल्यावर कृपा करून खुर्चीत बसू नका! सीटवरून उतरून हॉटेलच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. चाला. किंवा सरळ उकिडवे बसा, आजोबा पारावर बसायचे तसे. बसायच्या हाडांवर काहीच भार नाही, कंबरेचे स्नायू ताणले जातात. लोक बघतात, बघू दे. पाणी थोडं थोडं पीत राहा. वाऱ्यानं घाम तिथल्या तिथं वाळतो, म्हणून शरीर सुकतंय हे कळत नाही. तांबडा-पांढरा मुक्कामी पोचल्यावर.

काही दुखणी मात्र सीट बदलून जात नाहीत. गाडीवरून उतरल्यावर अर्ध्या तासानंही बधिरपणा गेला नाही, कळ मांडीतून खाली पोटरीपर्यंत उतरली, लघवीला त्रास झाला, तर डॉक्टर गाठायचा. माकडहाडाजवळ दुखरी गाठ आली किंवा तिथून पाणी येऊ लागलं तरीही. केस कातडीत रुतून तिथं पोकळी तयार होते आणि बसल्या बसल्या हादरे खाऊन ती चिघळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांमध्ये हे इतकं दिसलं की त्याला 'जीपचा आजार' असंच नाव पडलं.

हे सगळं पुढं बसणाऱ्याचं झालं. मागं बसणाऱ्याचे हाल जास्त, कारण मागची सीट अरुंद, मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर, आणि पुढचा खड्डा दिसत नाही. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्याला तर फूटरेस्टवर जोर देऊन उचलताही येत नाही, म्हणून लांबच्याला दोन्हीकडं पाय टाकूनच बसावं. सीट परत करून घेतली तेव्हा त्याच कुशनवाल्याकडे गेलो आणि बायकोची बाजूही घट्ट करून घेतली. आमच्यात आता ठरलंय: खड्डा दिसला की मी "रिकीब!" म्हणून ओरडतो आणि ती पायांवर जोर देऊन उचलते. हेल्मेटमधून ऐकू गेलं नाही तर माझ्या पाठीत बुक्की बसते.